सोवळ्यातले स्वातंत्र्यवादी

२०१६ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस फ्लोरिडातल्या ओरलँडो शहरात अमेरिकेच्या लिबर्टेरियन पक्षाचं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्षपदाची उमेदवारी कोणाला द्यायची ते ठरायचं होतं. व्यासपीठावर पाच इच्छुक उभे होते. त्यांना एक प्रश्न विचारला गेला: मोटार चालवायला सरकारी परवाना लागावा का? एकानं ठणकावून सांगितलं, मुळीच नाही. उद्या स्वतःच्या घरच्या टोस्टरमध्ये पाव भाजायलाही परवाना मागाल. सभागृह खूश झालं. मग पाळी आली गॅरी जॉन्सन यांची. हे गृहस्थ न्यू मेक्सिको राज्याचे दोनदा गव्हर्नर राहिलेले. ते म्हणाले की गाडी रस्त्यावर आणण्याआधी माणसाला ती चालवता येते एवढं तरी कुठं सिद्ध व्हावं असं आपल्याला वाटतं. झालं! सभागृहातून हुर्यो सुरू झाली. आरटीओच्या रांगेत तास-तास काढलेल्या आपल्यापैकी काहींनाही त्या हुर्योत सामील व्हावंसं वाटलं असतं, पण तो भाग सोडा. गंमत अशी की दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहानं याच जॉन्सन यांना उमेदवारी दिली.

आदल्या दिवशी हुर्यो आणि दुसऱ्या दिवशी माळ. या पक्षाचा आणि त्यामागच्या चळवळीचा सगळा इतिहास या दोन दिवसांच्या मध्ये कुठेतरी आहे.

लिबर्टेरियन या शब्दाला मराठीत स्वातंत्र्यवादी म्हणता येईल, पण आपल्या कानाला तो शब्द परकीय राज्याविरुद्धच्या लढ्याची आठवण देतो. इथं स्वातंत्र्य हवं आहे ते सरकार नावाच्या संस्थेपासून. मग ते सरकार आपणच निवडून दिलेलं का असेना. माणसानं दुसऱ्यावर आपण होऊन बळजबरी करू नये हे या मंडळींचं मूळ सूत्र. एवढ्यापुरतं कोणीही मान डोलावेल. पण ते पुढे विचारतात: कर ही बळजबरी नाही का? सक्तीची लष्करभरती? आपल्याच शरीरात काय घ्यावं, काय घेऊ नये यावरचे कायदे? व्यापारावरची जकात? या वाटेनं चालत गेलं की काहीजण पोलीस, न्यायालय आणि संरक्षण एवढंच करणाऱ्या लहानशा सरकारापाशी थांबतात, आणि काही त्याच्याही पुढे जाऊन सरकारच नको म्हणतात. सूत्र एक, मुक्काम दोन. भांडण तिथूनच.

या भांडणाचा एक जुना दाखला १९४६ सालचा आहे. युद्ध संपून सैनिक घरी परतत होते आणि राहायला जागा मिळत नव्हती. मिल्टन फ्रीडमन आणि जॉर्ज स्टिग्लर हे दोन तरुण अर्थशास्त्रज्ञ. पुढे दोघांनाही नोबेल मिळालं, पण तेव्हा त्यांचं नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी भाडेनियंत्रणाविरुद्ध एक पुस्तिका लिहिली. १९०६च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को शहर उद्ध्वस्त झालं तेव्हा भाड्यावर बंधन नव्हतं आणि लोकांना जागा मिळत होती. चाळीस वर्षांनी शहर धड उभं आहे, भाड्यावर बंधन आहे आणि जागा मिळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. १९४७चा भाडेकायदा आणि पागडी ज्यांनी पाहिली त्या मुंबईकरांना यातलं तथ्य आणि त्यातली दुसरी बाजू, दोन्ही समजावून सांगायला नको. ही पुस्तिका छापली लिओनार्ड रीड यांच्या संस्थेनं. न्यूयॉर्कजवळच्या आयर्विंग्टन गावी त्याच वर्षी सुरू झालेली ही संस्था मुक्त बाजारपेठेच्या प्रचारासाठीच निघाली होती. म्हणजे लेखक, प्रकाशक आणि मुद्दा, सगळं एकाच घरातलं.

तरीही वाजलं. लेखकांनी पुस्तिकेत एका ठिकाणी म्हटलं होतं की ज्यांना आजच्यापेक्षा अधिक समता हवी आहे (आणि आम्हालाही ती हवी आहे) त्यांनीसुद्धा भाडेनियंत्रणाला विरोधच केला पाहिजे. समतेचा हा एवढासा उल्लेख प्रकाशकांच्या डोळ्यांत खुपला. तो काढा म्हणून आग्रह झाला, लेखक ऐकेनात. तेव्हा लेखकांना न विचारता तळटीप घालून संपादकांनी त्या वाक्यापासून अंग चोरलं. फ्रीडमन आणि स्टिग्लर इतके संतापले की पुढं कित्येक वर्षं त्यांनी त्या संस्थेशी संबंध ठेवला नाही. कादंबरीकार आयन रँड यांना तर ती पुस्तिकाच समूहवादाचा प्रचार वाटली. भाडेनियंत्रण रद्द करा असं सांगणारी पुस्तिका!

पुढच्याच वर्षी, १९४७ साली, स्वित्झर्लंडमधल्या माँ पेलेरँ इथं फ्रीड्रिख हायेक यांनी जगभरच्या उदारमतवादी विचारवंतांना एकत्र बोलावलं. फ्रीडमन पुढे सांगत की उत्पन्नाच्या वाटपावर चर्चा चालू असताना ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मिसेस उठले, तुम्ही सगळे समाजवादी आहात असं म्हणाले आणि तरातरा निघून गेले. त्या खोलीत हायेक बसले होते. समाजवादाविरुद्ध त्या काळात गाजलेलं पुस्तक ज्यांनी लिहिलं, तेच हायेक.

आपल्याकडे सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरांत विटाळाची भीती परक्यापेक्षा घरातल्याचीच जास्त असे. परका मुळात स्वयंपाकघरात येतच नाही. घरातलाच कोणी न धुतलेल्या पायांनी आत आला तर पंचाईत. विचारांच्या सोवळ्यातही तेच घडताना दिसतं.

रीड यांनीच १९४६च्या एका भाषणात एक कल्पना मांडली होती. या व्यासपीठावर एक बटण आहे आणि ते दाबलं की मजुरीवरची आणि किमतींवरची सगळी सरकारी नियंत्रणं या क्षणी नाहीशी होतील असं समजा. तर मी ते तत्क्षणी दाबेन. पुढे या बटणाची चळवळीत कसोटीच झाली. तू बटण दाबणारा, की हळूहळू, पायरीपायरीनं म्हणणारा? ही कसोटी सगळ्यात हिरिरीनं लावली ती मरे रॉथबार्ड यांनी. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा अर्थशास्त्रज्ञ मिसेस यांचा शिष्य. बुटका, बडबड्या, प्रचंड वाचलेला आणि लिहिण्याचा झपाटा असा की प्रतिस्पर्ध्यांना उत्तर द्यायला उसंत मिळू नये. सरकारच नको म्हणणाऱ्यांचा हा अग्रणी. सरकार नाहीसं करणारं बटण मिळालं तर अंगठ्याला फोड येईपर्यंत दाबत राहीन, अशी त्यांची भाषा.

फ्रीडमन यांचा पिंड उलटा. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचं जे लोकप्रिय रूप आपण ऐकत आलो, मिळेल ते पदरात घ्यावं आणि उरलेल्यासाठी भांडत राहावं, ते त्यांना पटलं असतं. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५५ साली, ते सल्लागार म्हणून भारतातही येऊन गेले होते आणि नियोजनाच्या ऐन भरात त्यांनी सरकारला उलट दिशेचा सल्ला देणारं टिपण लिहिलं. कोणी ऐकलं नाही. पण ते सरकारशी बोलायला जात, हा मुद्दा. रॉथबार्ड यांच्या लेखी हाच गुन्हा होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अर्थखात्यात नोकरी करताना फ्रीडमन यांनी पगारातून परस्पर प्राप्तिकर कापून घेण्याची पद्धत बसवायला हातभार लावला होता, हे रॉथबार्ड कधी विसरले नाहीत. आणि आरोपात दम होता. कर दरमहा मुकाट्यानं कापला जाऊ लागला की सरकारला तो वाढवणं सोपं जातं. फ्रीडमन यांनाही पुढे ही गोष्ट बोचत राहिली.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहू. १९६४ ते १९७३ या काळात, व्हिएतनाम युद्धासाठी, अमेरिकेत १८ लाखांहून अधिक तरुण सक्तीनं लष्करात भरती केले गेले. बळजबरीचं याहून उघडं उदाहरण कोणतं? १९६९ साली रिचर्ड निक्सन यांनी माजी संरक्षणमंत्री थॉमस गेट्स यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. सक्तीची भरती बंद करून स्वेच्छेनं आलेल्यांचं सैन्य उभारता येईल का, हा विषय. १५ सदस्यांत फ्रीडमन होते. सुरुवातीला आयोगात एक गट अनुकूल, एक प्रतिकूल आणि एक कुंपणावर असा सरळ तिढा होता. जनरल वेस्टमोरलंड साक्षीला आले आणि म्हणाले की भाडोत्री सैन्याचं नेतृत्व करायची आपली इच्छा नाही. फ्रीडमन यांनी विचारलं, मग गुलामांच्या सैन्याचं करायचं आहे का? फेब्रुवारी १९७०मध्ये आयोगाचा अहवाल आला तो एकमतानं. पगार वाढवा, भरती ऐच्छिक करा. १९७३च्या मध्यावर सक्तीची भरती थांबली. पुढे १९८०मध्ये जिमी कार्टर यांनी तरुणांची नोंदणी पुन्हा सुरू केली, पण सक्तीनं कोणाला उचललं गेलं नाही.

कर्मठ हिशेबात ही तडजोडच. सैन्य राहिलं, ते करांवरच पोसलं गेलं, उलट पगारापोटी खर्च वाढला. बटण दाबलं गेलं नाही, एक पायरी उतरली गेली. मात्र १९७३नंतर वयात आलेल्या अमेरिकन मुलाला विचारलं तर ती पायरी त्याला लहान वाटणार नाही. मला तरी या साऱ्या चळवळीच्या खात्यात जमा झालेली ही सगळ्यात मोठी रक्कम वाटते, आणि ती निक्सन यांच्यासारख्या माणसाच्या हातून वसूल झाली आहे.

कारण याच निक्सन यांनी १५ ऑगस्ट १९७१ रोजी दूरचित्रवाणीवरून देशभरातल्या किमती आणि मजुरी ९० दिवसांसाठी गोठवल्याचं जाहीर केलं आणि डॉलरचा सोन्याशी असलेला धागाही तोडला. रीड यांनी जी नियंत्रणं बटण दाबून घालवायची म्हटलं होतं, तीच रिपब्लिकन अध्यक्षानं परत आणली. कोलोरॅडो राज्यात डेव्हिड नोलन नावाचा तरुण आणि त्याचे मित्र यांनी ठरवलं की आता या पक्षात राहण्यात अर्थ नाही. ११ डिसेंबर १९७१ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथं लिबर्टेरियन पक्ष स्थापन झाला.

पुढच्या वर्षी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स अध्यक्षपदासाठी आणि टोनी नेथन या ओरेगॉनच्या बाई उपाध्यक्षपदासाठी उभ्या केल्या. दोनच राज्यांत मतपत्रिकेवर नाव लागलं, साडेतीन हजारांच्या वर थोडी मतं पडली. पण व्हर्जिनियातला एक रिपब्लिकन निर्वाचक, रॉजर मॅकब्राइड, निक्सन यांना द्यायचं मत यांना देऊन मोकळा झाला आणि टोनी नेथन या अमेरिकेच्या इतिहासात निर्वाचकाचं मत मिळालेल्या पहिल्या महिला ठरल्या. मॅकब्राइड यांना १९७६ची उमेदवारी मिळाली हे ओघानंच आलं.

पक्षात येणाऱ्याला एक शपथ सही करून द्यावी लागे: राजकीय वा सामाजिक उद्दिष्टांसाठी आपण होऊन बळ वापरण्यावर माझा विश्वास नाही. नोलन पुढे सांगत की निक्सन यांच्या पोलिसांनी आपल्याला बॉम्ब फेकणाऱ्यांत धरू नये, हा त्यामागचा मूळ हेतू. पण शपथेचं लवकरच गोत्रप्रवर झालं. कोण अस्सल आणि कोण भेसळ हे तिच्यावरून ठरू लागलं. (आपल्याकडे उलटा प्रकार. १९८९पासून आपला कायदा नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वावर निष्ठा जाहीर करायला लावतो. मुक्त बाजारपेठवाल्यांनाही ते लिहून द्यावं लागतं, किंवा नोंदणीवाचून राहावं लागतं.)

एक शहाणपणाची गोष्ट मात्र या काळात झाली. लहान सरकारवाले आणि बिनसरकारवाले यांच्यात १९७४ सालच्या डॅलस अधिवेशनात समेट झाला. सरकार असावं की नसावं याबद्दल जाहीरनाम्यात मौन पाळायचं. जिथवर वाट एक आहे तिथवर बरोबर चालू, फाटा आला की पाहू. फाटा अजून शेकडो मैल दूर असताना त्यावरून डोकी फोडण्यात काय हशील? शुद्धतेसाठी प्रसिद्ध असलेल्या पक्षाचा पाया असा तडजोडीवर उभा आहे. तेवढीही ज्यांना मानवली नाही असे सॅम्युएल कॉन्किन यांच्यासारखे लोक होते. त्यांच्या मते पक्ष काढणं आणि मत मागणं हाच विटाळ. माणसानं सरळ सरकारच्या नजरेआड व्यापार करावा. सोवळ्याला वरची मर्यादा नसते. रॉथबार्ड स्वतः निवडणुकीच्या बाजूनं उभे राहून कॉन्किन यांच्याशी वाद घालत होते, म्हणजे त्या वादात ते तडजोडवाले ठरत होते.

खरा फुटवा आला तो पैशांतून. १९७४च्या निवडणूक खर्चाच्या कायद्यानं एका माणसाला एका उमेदवाराला हजार डॉलरच देता येत. पण १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की उमेदवार स्वतःवर हवा तेवढा खर्च करू शकतो. तेल आणि रसायनांच्या धंद्यातल्या कोक घराण्यातले डेव्हिड कोक यांनी यातली वाट हेरली. मला उपाध्यक्षपदाचा उमेदवार करा, मग माझा पैसा माझ्यावरच खर्च झाला असं होईल. १९८०ला एड क्लार्क अध्यक्षपदाला आणि कोक उपाध्यक्षपदाला अशी जोडी ठरली. कोक यांनी सुमारे २० लाख डॉलर घातले. क्लार्क एका तेल कंपनीत वकील, सभ्य, मृदू बोलणारे. प्रचाराची सूत्रं एड क्रेन यांच्याकडे. पन्नासही राज्यांत मतपत्रिकेवर नाव लागलं, दूरचित्रवाणीवर जाहिराती झळकल्या.

आणि क्लार्क यांनी दूरचित्रवाणीवर आपल्या विचारांची ओळख कमी कर घेणारा उदारमतवाद अशी करून दिली. प्राप्तिकर रद्द करण्याऐवजी घसघशीत कपात. घाबरवणारं काही नाही. रॉथबार्ड यांचा तिळपापड झाला. मतं मिळाली ९ लाख २१ हजार, म्हणजे एक टक्क्याच्या किंचित वर. आधीच्या वेळेच्या पाचपट! पण क्रेन यांच्या गटानं त्याहून कितीतरी मोठ्या आकड्याची आशा लावली होती, आणि मधल्या मतदाराला जॉन अँडरसन नावाचा दुसरा अपक्ष मिळाला होता. निवडणुकीनंतर रॉथबार्ड यांनी आपल्या पत्रकात क्लार्क यांच्या प्रचाराची चिरफाड करणारा लांबलचक लेख लिहिला. असं पुन्हा होणे नाही, हे त्याच्या मथळ्यातच होतं.

इथं मला रॉथबार्ड यांची बाजू हलकी वाटत नाही. जे तुम्ही सांगितलंच नाही, त्याला मत मिळालं कसं म्हणायचं? ९ लाख लोकांनी कमी करांना मत दिलं असेल; स्वातंत्र्याच्या त्या मूळ सूत्राला नव्हे. ज्या पक्षाला निवडून यायचंच नाही, त्यानं निदान बोलायचं ते तरी पुरतं बोलावं. १९७२च्या जाहीरनाम्यात या पक्षानं ज्यात बळी कोणी नाही अशा कृत्यांना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द करा म्हटलं होतं. समलिंगी संबंध, गांजा अशा विषयांवर मोठे पक्ष जे बोलायला चाळीस वर्षांनी तयार झाले, ते या चिमुकल्या पक्षानं तेव्हाच लिहून ठेवलं. ते गुळमुळीत बोलणाऱ्याच्या हातून झालं नसतं.

पण भांडण विचारांवर थांबलं नाही. १९७७ साली क्रेन, चार्ल्स कोक आणि रॉथबार्ड यांनी मिळून केटो इन्स्टिट्यूट ही संस्था काढली होती. तिचं नावसुद्धा रॉथबार्ड यांनी सुचवलेलं. मार्च १९८१मध्ये त्यांना तिथून बाहेर काढण्यात आलं आणि त्यांचे समभागही गेले. दोन वर्षांनी, १९८३च्या न्यूयॉर्क अधिवेशनात, क्रेन गटाचा उमेदवार पडला, रॉथबार्ड ज्यांच्या बाजूनं होते ते डेव्हिड बर्गलंड अटीतटीच्या मोजणीत निवडून आले, आणि क्रेन व कोक यांचा गट पक्षातून चालता झाला. त्यांच्याबरोबर पैसाही गेला. १९८४ला बर्गलंड यांना मिळाली २ लाख २८ हजार मतं. पुढच्या काळात कोक यांचा पैसा रिपब्लिकन पक्षाच्या अंगणात जिरला. म्हणजे तडजोडवाल्यांच्या तडजोडीलाही कुठं थांबायचं ते कळलं नाही.

हे सगळं अमेरिकेतच इतकं का घडतं, याला एक साधं कारण आहे. तिथं जो पहिला तो जिंकला. दुसऱ्या-तिसऱ्याला काही नाही. तिसऱ्या पक्षाचा निम्मा पैसा आणि श्रम तर प्रत्येक राज्यात मतपत्रिकेवर नाव लावण्यासाठी सह्या गोळा करण्यात जातो. बाहेर जिंकायला काही नसलं की माणसं घरात जिंकतात. ज्याला सत्ता मिळण्याचा संभवच नाही त्याला शुद्धता फुकट पडते. आपल्या राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाची गोष्ट म्हणूनच वेगळी झाली. १९५९ साली निघालेल्या त्या पक्षाचे १९६७ला लोकसभेत ४४ खासदार होते, ओरिसात त्यांचा मुख्यमंत्री होता. त्यांना संस्थानिकांशी, जनसंघाशी रोजच्या रोज व्यवहार करावा लागला. १९७१च्या आघाडीत ते आठावर आले आणि १९७४ला चरणसिंगांच्या लोकदलात विरून गेले. ते शुद्धतेनं मेले नाहीत, गर्दीत हरवले. दोन्हीत चांगलं काय, ते मला सांगता येणार नाही.

रॉथबार्ड यांचं पुढे काय झालं हे मात्र सांगितलं पाहिजे, कारण या कथेतलं सगळ्यात विचार करायला लावणारं वळण तिथं आहे. १९८७मध्ये पक्षानं टेक्सासचे माजी काँग्रेस सदस्य रॉन पॉल यांना उमेदवारी दिली, मूळ अमेरिकन जमातींच्या चळवळीतले रसेल मीन्स यांना हरवून. १९८८ला पॉल यांना ४ लाख ३१ हजार मतं पडली. त्यानंतर १९८९मध्ये रॉथबार्ड पक्षातून बाहेर पडले. त्यांना आता पक्षातली माणसंच नकोशी झाली होती. त्यांचे लांब केस, धर्माची टिंगल, बेबंद राहणी. लू रॉकवेल यांच्या साथीनं त्यांनी परंपरानिष्ठ उजव्या मंडळींशी सोयरीक जुळवली. १९९२ला ते पॅट ब्युकॅनन यांच्या मागे उभे राहिले. स्थलांतरितांना दार बंद करू पाहणारे, अमेरिका प्रथम म्हणणारे, परदेशी मालाविरुद्ध ज्यांची भाषा दिवसेंदिवस कडक होत चालली होती ते ब्युकॅनन. एवढंच नाही, कू क्लक्स क्लॅनचा माजी म्होरक्या डेव्हिड ड्यूक याच्या मागण्यांविषयीही त्यांनी अनुकूल लिहिलं. जानेवारी १९९५मध्ये त्यांचं निधन झालं.

ज्यानं फ्रीडमनना करकपातीच्या एका कलमासाठी माफ केलं नाही आणि क्लार्कना एका शब्दासाठी, तो माणूस इथवर कसा आला? यात विसंगती दिसते, पण मला वाटतं त्याच्या दृष्टीनं नव्हती. सोवळं वस्त्राला असतं. कोणाच्या पंगतीला बसलो याला त्या हिशेबात रकानाच नाही. आपली वाक्यं अखेरपर्यंत अभंग राहिली की माणूस कोणाबरोबरही चालू शकतो, आणि त्याला ती तडजोड म्हणून दिसतही नाही. फ्रीडमन यांना निक्सन यांच्याशी केलेला व्यवहार व्यवहार म्हणूनच दिसत होता. त्यातून काय मिळालं आणि काय गेलं हे त्यांना मोजता येत होतं.

मधली वर्षं भराभर सांगतो. २००६ला पोर्टलंडच्या अधिवेशनात जाहीरनाम्यातली बहुसंख्य कलमं एका फटक्यात उडाली. २००८ला उमेदवारी मिळाली बॉब बार यांना, सहाव्या फेरीत. काँग्रेसमध्ये असताना अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यांचे ते खंदे समर्थक, आणि २००२ला त्यांच्या पराभवासाठी याच पक्षानं जाहिराती दिल्या होत्या! २०१२ला आणि २०१६ला गॅरी जॉन्सन. २०१६ला त्यांना ४४ लाख ८९ हजार मतं मिळाली, ३.२८ टक्के, हा पक्षाचा विक्रम. पण सिरियातलं अलेप्पो शहर म्हणजे काय, असं त्यांनी मुलाखतीत विचारलं ते देशभर गाजलं, आणि मतदानाला थोडे दिवस उरले असताना उपाध्यक्षपदाचे त्यांचे जोडीदार विल्यम वेल्ड दूरचित्रवाणीवर हिलरी क्लिंटन यांची ग्वाही देत होते. कर्मठांना आणखी काय हवं होतं?

मे २०२२मध्ये रीनोच्या अधिवेशनात त्यांनी पक्ष ताब्यात घेतला. मिसेस यांचं नाव लावणारा हा गट, श्रद्धास्थान रॉथबार्ड. अँजेला मॅकआर्डल पक्षाध्यक्ष झाल्या. जाहीरनाम्यातलं गर्भपातावरचं कलम आणि वंशद्वेषाचा धिक्कार करणारं वाक्य गळालं. काही राज्यांतल्या शाखा फुटल्या. आता पुन्हा ठणठणीत, निर्भेळ बोलायचं, असा पुकारा होता.

आणि मे २०२४मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या अधिवेशनात त्यांनी भाषणाला बोलावलं डोनाल्ड ट्रम्प यांना. आयातशुल्काचे आणि सीमा बंद करण्याचे पुरस्कर्ते. सभागृहात हुर्यो उडाली, ट्रम्प यांनी उलट टोमणा मारला की दर चार वर्षांनी आपले तीन टक्के घेत बसायचं असेल तर बसा. पण त्यांनी एक वचन दिलं. रॉस उलब्रिक्ट या तरुणानं इंटरनेटवर एक छुपा बाजार चालवला होता, त्यात अमली पदार्थांचीही विक्री होई. २०१५ला त्याला आजन्म कारावास झाला होता, सुटकेची आशा न ठेवता. लिबर्टेरियन मंडळींच्या दृष्टीनं हा सरकारच्या अतिरेकाचा बळी. त्याच्या सुटकेचे फलक त्या सभागृहात जागोजागी होते. निवडून आलो तर त्याला सोडीन, ट्रम्प म्हणाले. हुर्यो करणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी प्रतिनिधींनी उमेदवारी दिली ती जॉर्जियाच्या चेस ऑलिव्हर यांना. ते नेतृत्वाच्या गटाचे नव्हते. सातवी फेरी झाली तेव्हा त्यांच्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून कोणी माणूस उरलाच नव्हता. लढत होती वरीलपैकी कोणीही नाही या पर्यायाशी. नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हर यांना साडेसहा लाखांच्या आसपास मतं पडली, अर्धा टक्काही नाही. २१ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी उलब्रिक्टला संपूर्ण माफी दिली आणि अकरा वर्षांहून अधिक काळ आत काढलेला तो माणूस ॲरिझोनातल्या तुरुंगातून हातात एक कुंडीतलं रोपटं घेऊन बाहेर आला.